साडेचार वर्षांच्या लेकीला पहिल्यांदाच कॅम्पिंगला न्यायचंय, पवना की भंडारदरा? थंडी, शू, झोप सगळ्याचंच टेन्शन आलंय

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

तर झालंय असं की लेकीच्या वर्गातली एक मुलगी आईबाबांबरोबर तंबूत राहून आली आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री जेवताना एकच विषय, "आपण तंबूत कधी झोपायचं?" सोफ्याच्या उशा आणि माझी जुनी ओढणी लावून हॉलमध्ये तंबू झालेला आहे, त्यात पाय टाकायला जागा नाही, आणि तो काढायचीही परवानगी नाही. म्हटलं चला, नेऊयाच एकदा. नाताळच्या सुट्टीत एक रात्र, फार तर दोन.

नवऱ्याने कॉलेजात असताना भरपूर ट्रेक केलेत त्यामुळे त्याचं म्हणणं "त्यात काय एवढं, हरिश्चंद्रगडावर नेऊ, कोकणकड्यावर सूर्यास्त बघेल पोरगी." मी त्याला हात जोडले. सासूबाईंचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं, "ऐन थंडीत पोरीला उघड्यावर निजवणार का, घर नाहीये का आपल्याला." या दोघांच्या मधे मी.

माझे प्रश्न असे की पवना जवळ पडेल ठाण्याहून पण ऐकून आहे की फार गर्दी असते, भंडारदरा छान आहे म्हणतात पण लांब, आणि लेकीला घाटात गाडी लागते. ती अंधाराला घाबरते, रात्री एकदा शू ला उठतेच उठते, आणि जेवणाचे नखरे तर विचारू नका. साप विंचू हे तर मी मनात आणायचंच नाही असं ठरवलंय पण रात्री दोन वाजता तेच आठवतं. तंबू विकत घ्यावा का तिथे मिळतो तोच बरा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. "मुलांना मातीत लोळू द्या" छाप प्रतिसाद नकोत, मातीत लोळायला माझी ना नाहीच्चे.

---

घाटवाट

ताई, आधी हरिश्चंद्रगड यादीतून काढलात ते उत्तम. पाचनईकडून सोपा आहे वगैरे सांगतील लोक, पण साडेचार वर्षांचं मूल चढताना अर्धा वेळ खांद्यावर असतं आणि उतरताना झोपलेलं असतं, त्यात पाठीवर तंबू. पहिल्या वेळेला एकच नियम पाळा, गाडी तंबूपासून हाकेच्या अंतरावर हवी. रात्री अकराला पोरगी भोकाड पसरून "घरी चला" म्हणाली तर गाडीत बसवून निघता आलं पाहिजे, किंवा निदान गाडीत झोपवता आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

आता पवना. जागा वाईट नाहीये हो, समोर तुंग, तिकोना, मागे लोहगड-विसापूर, पाणी, सगळं आहे. पण शनिवारी रात्री तिथं कॅम्पिंग नसतं, वरात असते. एका प्लॉटवर डीजे, शेजारच्या प्लॉटवर त्याच्यापेक्षा मोठा डीजे, मधे वाढदिवसाचे फटाके आणि पहाटे तीनला कोणीतरी तंबूच्या दोरीत पाय अडकून पडतो. तंबूला भिंत नसते हे लोक विसरतात. तिथं लहान मूल झोपणं अशक्य. तेच पवना मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर ओळखणार नाही इतकं शांत असतं. त्यामुळे पवना की भंडारदरा हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न वार कुठला.

आणि नाताळची सुट्टी तर मुळीच नको. २४ डिसेंबर ते १ जानेवारी सगळीकडे जत्रा असते, भंडारदऱ्यालासुद्धा. लेक ज्युनियर केजीत असेल ना? दोन दिवस शाळा बुडाली तर काही बिघडत नाही, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आडवारी जा.

बुक करताना फोनवर नुसतं "फॅमिली कॅम्प आहे ना" विचारू नका, सगळेच हो म्हणतात. असं विचारा की स्पीकर किती वाजता बंद होतो, बॅचलर ग्रुपला वेगळी जागा आहे का, तंबू पाण्यापासून किती लांब, टॉयलेट तंबूपासून किती पावलांवर आणि तिथे रात्री दिवा असतो का. समोरचा वैतागला तर समजून जा.

---

अगोचर

आम्ही लहानपणी मे महिनाभर गावी अंगणात झोपायचो, वर आकाश, खाली गोधडी, कुत्रं पायाशी. त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नव्हतं आणि माणशी दीड-दोन हजार रुपये पण घेत नव्हतं. गावी घर असेल तर तिथे न्या, चर्चा संपली.

---

दोन_पिल्लांची_आई

@अगोचर, गाव असलेल्यांनी जरूर न्यावं. आमचं गाव म्हणजे डोंबिवली पूर्व, अंगणात रिक्षा उभ्या असतात 😄

ठाणेकरीण ताई, मी दोन्ही मुलांना नेलेलं आहे आणि तुमच्या यादीतलं सगळं भोगलेलं आहे त्यामुळे सविस्तर लिहिते.

शू. हाच खरा मुद्दा आहे आणि नेमकं याच्यावर कोणी बोलत नाही. कॅम्पवरचं टॉयलेट दिवसा दाखवून आणायचं, नुसतं दाखवायचं नाही तर तिला तिथे एकदा बसवायचं, नाहीतर रात्री नव्या जागेत ती "मला नाही लागली" म्हणते आणि मग बिछान्यात होते. तरीपण रात्री दोनला झोपेतलं मूल उचलून, बूट घालून, टॉर्च धरून तिकडे जाणं हा प्रकार मी करत नाही. घरातली तिची लहानपणची पॉटी अजून असेल तर गाडीत टाका, नसेल तर झाकणाची छोटी बादली. तंबूला पुढे जो व्हरांड्यासारखा भाग असतो तिथे ठेवायची, काम झालं की झाकण, सकाळी धुवायची. हसतील लोक, हसू देत. बिछान्याखाली लहान बाळांचं रबरी कापड, आणि पँट, लेगिंग, मोजे यांचे दोन जास्तीचे जोड उशीच्याच पिशवीत, गाडीच्या डिकीत नाही, कारण रात्री चाळीस पावलं चालून डिकी उघडून बॅगेत तळाशी गेलेली पँट शोधणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं.

अंधाराची भीती. तिला स्वतःची टॉर्च द्या, डोक्याला लावायची मिळते ती. तुमची नाही, तिची. आमच्या धाकट्याने पहिल्या रात्री ती टॉर्च लावून आख्ख्या कॅम्पच्या चपला मोजल्या, मग कुत्र्याच्या डोळ्यात मारली, मग माझ्या, आणि या उद्योगात अंधाराला घाबरायचं राहूनच गेलं. सेल जास्तीचे न्या, रात्रभर चालूच ठेवतात. आणि जमलं तर पौर्णिमेच्या आसपास जा. यंदा मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती बघा कधी येतेय, त्याच्या मागचापुढचा आडवार. चांदणं असलं की तंबूच्या आतसुद्धा काळोख वाटत नाही.

झोप. घरी जे पांघरूण लागतं तेच न्या. नवी स्लीपिंग बॅग, नवी उशी, नवा वास असं सगळंच नवीन एकाच रात्री नको. झोपायची वेळ पण घरचीच, आणि तुम्हीसुद्धा तिच्याबरोबर आत जा, बाहेर शेकोटीपाशी बसून गप्पा मारायचा बेत असेल तर नवरा-बायकोनी पाळी लावून घ्या.

जेवण. कॅम्पवाले बार्बेक्यू म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा तिखटजाळ असतं, वर आठ-साडेआठशिवाय ताटं लागत नाहीत. मी मेतकूट, तूप आणि शिजवायचा मऊ भात एवढं माझ्या हातात ठेवते, त्यांच्या स्वयंपाकघरात सांगितलं की कुकर लावून देतात. दशम्या, गूळपापडीच्या वड्या, उकडलेली रताळी. शेकोटीत बटाटा भाजून स्वतः सोलून खाल्लेलं मूल घरी बटाट्याला नाक मुरडतं हे मला अजूनही कळलेलं नाही पण तिथे खातात हे खरं. रात्री सातनंतर दूध पाणी कमी, म्हणजे वरचा मुद्दा थोडा सोपा होतो.

मार्गशीर्षातला गुरुवार टाळा मात्र, सासूबाईंचं महालक्ष्मीचं व्रत असेल तर तुम्हाला घरून निघताच येणार नाही.

---

बे_एरियातला_पुणेकर

आमच्याकडे कॅलिफोर्नियात स्टेट पार्कची जागा सहा महिने आधी बुक करावी लागते, सकाळी आठला साइट उघडली की दोन मिनिटांत संपते. योसेमिटीत तर अस्वलांमुळे खाण्याचे पदार्थच काय, टूथपेस्ट आणि मुलांचं बेबी लोशनसुद्धा लोखंडी पेटीत बंद करून ठेवायचं असतं, गाडीत ठेवायचं नाही, अस्वल दार उपटून काढतं. तुमच्याकडे अस्वल नसलं तरी वासाचा मुद्दा लागू आहे. तंबूत खायचं काही ठेवू नका, मुंग्या, उंदीर, कुत्री सगळे येतात आणि उंदरामागे काय येतं ते लिहीत नाही, ताई घाबरतील.

---

ठाणेकरीण

@बे_एरियातला_पुणेकर लिहीत नाही म्हणून लिहिलंतच की 😒

@घाटवाट, वाराचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद. @दोन_पिल्लांची_आई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, बादलीपर्यंत आल्यावर तो उठून गेला, पण मी घेणारे.

आता कोणीतरी ते साप-विंचवाचं आणि थंडीचं नीट सांगा म्हणजे सासूबाईंना काहीतरी अभ्यासपूर्ण उत्तर देता येईल.

---

बालवैद्य

मी मुलांचा डॉक्टर आहे, प्रॅक्टिस नाशिक जिल्ह्यात, त्यामुळे या भागातल्या केसेस बघण्यात असतात. इथे लिहिलेलं वाचून औषधोपचार करू नयेत, तुमच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

थंडी. डिसेंबरात धरणाकाठी पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, कधी त्याच्याही खाली. लहान मुलाच्या अंगाची उष्णता मोठ्यांपेक्षा लवकर जाते कारण वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो. पण आईलोक उलटं टोक गाठतात, दोन स्वेटर जाकीट टोपी सगळं घालून स्लीपिंग बॅगेत कोंबतात, मूल घामेजतं, कपडे ओले होतात आणि पहाटे तेच ओलं अंग गार पडतं. झोपण्यापूर्वी दिवसभराचे सगळे कपडे बदलून कोरडे घाला, मोजेसुद्धा. आत सुती, वर एक लोकरी, डोक्याला कान झाकणारी टोपी, बस. तोंडावरून पांघरूण नको. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त जमिनीतून येते, त्यामुळे पांघरुणं वाढवण्याआधी खाली फोमची जाड मॅट, तिच्यावर सतरंजी किंवा घोंगडी. मोठ्यांची स्लीपिंग बॅग असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला, उरलेल्या पोकळीत गार हवा राहते. मानेच्या मागे हात घालून बघा, मान गरम आणि कोरडी असेल तर मूल ठीक आहे, हाताचे तळवे गार लागतातच.

तंबूत शेगडी, निखारे, गॅस, काहीही जळतं न्यायचं नाही. हे ठळक अक्षरात समजा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. तंबूच्या वरच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून बंद करू नका, हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर श्वासातली वाफ छताला लागून सकाळी अंगावर टपकते ते वेगळंच.

साप. थंडीत त्यांचा वावर कमी असतो, नसतो असं नाही. आपल्याकडे माणसाला धोका मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांपासून. यातला मण्यार रात्रीचा फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, चावलेलं बरेचदा दुखतही नाही, म्हणून उघड्यावर चटई टाकून झोपण्यापेक्षा तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लावलेला तंबू कितीतरी सुरक्षित. (@अगोचर, अंगणाची गंमत मान्य, पण मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचल्या पाहिजेत.) चेन दर वेळी पूर्ण लावायची, "आत्ता तर बाहेर जायचंय" म्हणून अर्धी उघडी ठेवायची नाही. दंश झाला असं नुसतं वाटलं तरी करकचून बांधणं, कापणं, चोखणं काहीही करू नका, तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन किंवा स्वतःच्या गाडीने सरळ सरकारी रुग्णालय. प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. निघण्यापूर्वी कॅम्पवाल्याला विचारून ठेवा की जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि रात्री डॉक्टर असतात का.

विंचू. लहान मुलांत लाल विंचवाचा दंश गंभीर ठरू शकतो, हृदयावर परिणाम होतो. यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्य घातलंय, प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने यातली मुलं वाचतात हे त्यांनी दाखवलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. तुम्ही करायचं एवढंच की बूट रात्री तंबूच्या आत पिशवीत बांधून ठेवा आणि सकाळी झटकून घाला, दगड उचलायचे खेळ नकोत, सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही. दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं दिसलं तर एक मिनिट थांबायचं नाही.

बरोबर ठेवायचं म्हणजे वजनाप्रमाणे डोस लिहून घेतलेलं तापाचं औषध, ओआरएस, गाडी लागण्याचं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारून, बँडेड, आणि डास पळवणारं क्रीम तिच्या वयाला चालतं का ते ट्यूबवर वाचून. बोटे चोखत असेल तर हातांना लावू नका.

---

गच्चीवरचा_बाबा

डॉक्टर, जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

तंबू विकत की भाड्याने याबद्दल माझं मत, विकत घ्या, पण न्यायच्या आधी दोन आठवडे. तीन माणसांचा घ्या, दोन माणसांचा म्हणजे दोन माणसं आणि शून्य पॉटी. आणि तो आधी सोसायटीच्या गच्चीवर लावा. सेक्रेटरी कुरकुर करेल, त्याच्या नातवाला पण बोलवा, कुरकुर थांबते. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून कोपऱ्यांना पाण्याच्या बाटल्या बांधायच्या. तंबू लावायचं काम लेकीला द्या, म्हणजे काड्या जोडणं आणि खुंट्यांच्या पिशवीवर पहारा देणं, ही मंडळी पहारा फार मनापासून देतात. तिथेच एक रात्र झोपून बघा. जे काय रडायचं, घाबरायचं, "आत उकडतंय, बाहेर गार लागतंय" व्हायचं ते गच्चीवर होऊन जाईल, घर चार मजले खाली. भाड्याच्या तंबूत जाळी फाटलेली, चेन अडकलेली, गादीला कुबट वास, हे तिथे पोचल्यावर कळतं आणि तेव्हा अंधार पडलेला असतो.

फक्त पौर्णिमेचं मला पटलं नाही. तारे बघायचे असतील तर अमावस्याच. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, चंद्र नसेल तर मूलसुद्धा बघू शकतं कारण तो रात्री नऊ-दहापासूनच सुरू होतो, पहाटेची वाट बघावी लागत नाही. आणि साडेनऊच्या सुमाराला पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो. चार कोपऱ्यांचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच रेषेत खाली तो मारणारा व्याध, सगळ्यात तेजस्वी. ही गोष्ट साडेचार वर्षांच्या मुलाला एकदा सांगितली की विसरत नाही. आमच्याकडे मात्र "हरणाला बँडेड लावा" म्हणून रडारड झाली होती, तेवढी तयारी ठेवा.

---

दोन_पिल्लांची_आई

@गच्चीवरचा_बाबा, जी पोरगी अंधाराला घाबरते तिला ऐन अमावस्येला न्यायचं? आधी रात्र तर निभू देत, तारे पुढच्या वर्षी पण असणारेत.

---

गच्चीवरचा_बाबा

बरं, अष्टमीला तोडपाणी करू. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, झोपेपर्यंत उजेड आणि नंतर बाबा लोकांना तारे.

---

प्रवराकाठ

मी भंडारदऱ्याजवळचाच, घरच्यांचे थोडे तंबू आहेत, पण जाहिरात करत नाही, नावगाव टाकणार नाही. दोन-चार गोष्टी सांगतो.

ताई, ठाण्याहून आता समृद्धीने या. आमणे ते इगतपुरी टप्पा २०२५ च्या जूनपासून चालू आहे, कसारा घाटाची वळणं टळतात, पोरीला गाडी लागायची ती निम्मी तिथंच कमी होईल. इगतपुरीला उतरून घोटी, तिथून भंडारदरा रस्ता, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव लागतं, मग शेंडी. घोटीनंतर वळणं आहेत पण घाटाइतकी नाहीत. काही झालं तरी चार वाजायच्या आत पोचा. थंडीत सहाला अंधार पडायला लागतो आणि डोंगराच्या आड असलात तर त्याच्याही आधी सावली येते. पाहुणे नेहमी सातला येतात, मग तंबू बघायचा, संडास बघायचा, पोराला खाऊ घालायचं सगळं टॉर्चवर.

तंबू पाण्याच्या अगदी काठाला मागू नका. फोटोला भारी दिसतो पण रात्री वारं सरळ पाण्यावरून येतं आणि दव इतकं पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा. जरा वरच्या अंगाला, झाडाच्या किंवा घराच्या आडोशाला घ्या. आणि पोरीचं काठावर एकटीनं जाणं बंद म्हणजे बंद. धरणाचा काठ पोहायच्या तलावासारखा उतरता नसतो, दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्याला माणूस बुडेल एवढं, वर गाळ. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ सालचं, पाणी खोल आहे. होडीत बसायचं तर जाकीट घातल्याशिवाय नाही, आणि जाकीट तिच्या मापाचं पाहिजे, मोठ्याचं घातलं तर पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. मापाचं नसेल तर होडी नको, तेवढ्यानं काय अडत नाही.

बिबट्या आमच्या तालुक्यात आहे, लपवण्यात अर्थ नाही. माणसांच्या गोतावळ्यात येत नाही शक्यतो, पण अंधार पडल्यावर लहान पोराला एकटं झुडपाकडं सोडायचं नाही, हात धरायचा. खरकटं तंबूपाशी टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं तो येतो.

काही भाग अभयारण्यात येतो, तिथं वनखात्याच्या नाक्यावर पावती होते आणि कुठंही तंबू ठोकता येत नाही. काजव्यांच्या दिवसात, म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, पुन्हा यावंसं वाटेल तुम्हाला पण त्या दिवसात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि लोक टॉर्च आणि मोबाईलचे फ्लॅश मारून काजवेच विझवतात. लहान पोराला पहिल्यांदा आणायला डिसेंबरच बरा.

खायचं म्हणाल तर आम्ही नागलीची भाकरी, पिठलं, भात करतो. पोरांना न तिखट टाकता वेगळं काढायला सांगा, आधी फोनवर सांगा, ऐनवेळी सांगितलं की मसाला पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी गाडीने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं देऊळ बघा, चालायला काही नाही, पोरीला पायऱ्या-खांबांमधे खेळायला मिळेल. सांदण दरीच्या नादी लागू नका, मोठे मोठे दगड आहेत, हिच्या उंचीला नाही.

---

अगोचर

प्रवराकाठ यांचा प्रतिसाद वाचून माझंच मन बदलायला लागलंय. नागलीची भाकरी म्हटल्यावर विषयच संपला. वयाची अट आहे का? ५८ चालेल का?

---

प्रवराकाठ

या की काका. पॉटी तुमची तुम्ही आणा.

---

ठाणेकरीण

वाचून वाचून हसतेय आणि हसता हसता यादी करतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ठरलंय असं की भंडारदरा, डिसेंबरचा दुसरा आठवडा, सोमवार-मंगळवार, एकच रात्र. नवऱ्याने तंबू मागवलाय आणि तो आल्यापासून गच्चीवर लावायला माझ्यापेक्षा त्यालाच घाई झालीये. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, थंडीचं त्यांना पटलं, सापाचं वाचताना मी मधला परिच्छेद गाळला. आता त्या म्हणतायत की घोंगडी माहेरची आहे, खास सोलापूरहून आणलेली, तीच न्या, आणि काल हळूच विचारत होत्या की तिथे खोलीपण मिळते का, म्हणजे त्यांना पण यायचंय. त्यावर काय करावं यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

एक शेवटचं विचारते. गाडी लागू नये म्हणून निघताना उपाशी न्यावं की खाऊ घालून? आणि समृद्धीवर मधे थांबता येतं ना, हिला दर तासाला लागते.

---

घाटवाट

उपाशी नको, पोट भरून पण नको. निघायच्या तासभर आधी कोरडी पोळी किंवा खाकरा, दूध नाही. खिडकी थोडी उघडी, मोबाईल बंद, नजर लांबवर ठेवायला लावा, बोगदे मोजायला सांगा, त्या रस्त्यावर बोगदे आहेत. पिशवी हाताशी, डिकीत नको.

थांबण्याबद्दल म्हणाल तर समृद्धीवर मनात येईल तिथे गाडी बाजूला घेता येत नाही आणि घेऊही नका, मागून येणारे ज्या वेगात असतात ते बघा एकदा. आमण्याला चढण्याआधी भिवंडी-पडघ्याच्या बाजूला एखाद्या बऱ्या हॉटेलात थांबून तिला नेऊन आणा, मग थेट इगतपुरी, तासाभराच्या आत होतं. तेवढ्यातही लागलीच तर पॉटी आहेच ना गाडीत.

---

ठाणेकरीण

पॉटी डिकीत नाही, पुढे पायाशी. लिहून घेतलं.